चालता येत न्हाय, सायकल येती

आमच्या गावात डॉक्टर नव्हता, पण रोगाचं निदान करणारे घरटी दोन तरी होते. माझ्या वडिलांचे पाय जमिनीला चिकटायला लागले तेव्हा ह्या सगळ्या विद्वानांची चंगळ झाली. कुणी म्हणालं भानामती, कुणी म्हणालं नजर, आणि कुणी म्हणालं मास्तराला माज आलाय. हे शेवटचं निदान लोकांना जास्त पटलं, कारण त्याला औषधपाण्याचा खर्च नव्हता.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. माकणीच्या अलीकडं, तेरणेच्या काठावर एक खेडं होतं, तिथल्या प्राथमिक शाळेवर ते मास्तर होते. आम्ही राहायचो शेजारच्या गावात, आणि आबा रोज सायकलवर शाळेला जायचे. निजामाच्या राज्यात ते उर्दूत शिकले, उर्दूतच नोकरीला लागले. मग राज्य गेलं, काही वर्षांनी आम्ही मुंबईच्या राज्यात आलो, मग महाराष्ट्र झाला. दरवेळी सरकारला वाटायचं, मास्तरांना काहीच येत नाही, आणि दरवेळी आबा नव्यानं परीक्षा देऊन आपल्याला येतं हे दाखवायचे. शिकवायची त्यांची तऱ्हा मात्र कुठल्याच सरकारला बदलता आली नाही. पोरानं अक्षर धुळीत गिरवायचं, पाटीवर गिरवायचं, पुन्हा गिरवायचं. "डोस्क्याला कळलं म्हंजी काय कळलं? हाताला कळलं पायजे," असं ते म्हणायचे. तालुक्याहून येणारे साहेब ह्या पद्धतीला जुनाट म्हणायचे. साहेबांची स्वतःची सही डोळे मिटूनसुद्धा झोकात व्हायची, ती कुठून आली हे त्यांना कुणी विचारलं नाही.

आजार आला तो चोरपावलांनी आला. आधी आबांचं हसणं गेलं. आतून हसायचे, पण चेहरा ढिम्म. गावानं लगेच ठरवलं की मास्तरांना तोरा चढलाय, रामराम घातला तरी ओठ हलवत नाहीत. मग फळ्यावरची अक्षरं बारीक व्हायला लागली. ओळीची सुरुवात ठसठशीत, आणि शेवटाला जाईतो मुंग्यांची रांग. मागं बसणाऱ्या पोरांनी घरी तक्रार केली, तर एका पालकानं शोध लावला की मास्तर खडू वाचवून घरी नेतात. एवढा खडू घरी नेऊन आम्ही त्याची भाजी करणार होतो की काय, देव जाणे.

मग पाय. चालता चालता दाराशी यायचे आणि थांबायचे. उंबऱ्याच्या अलीकडं, अंगणाच्या मधोमध, कुठंही. वरचं अंग पुढं झुकायचं, टाचा उचलल्या जायच्या, गुडघे थरथरायचे, आणि पाऊल काही पडायचं नाही. "काय झालं आबा?" म्हटलं की म्हणायचे, "पाय ऐकंना झालेत." हात फारसे कापत नव्हते. कापले असते तर एखाद्या म्हाताऱ्यानं कंपवात तरी म्हटलं असतं आणि आमचे पुढचे हाल वाचले असते.

पण खरी पंचाईत सायकलीनं केली. दारात खिळून राहिलेल्या ह्याच माणसाला आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि मायनं, धरून सायकलवर बसवलं आणि मागून एक धक्का दिला की आबा निघाले! अशी सुरेख सायकल मारायचे की बघत राहावं. खड्डे चुकवत, घंटी वाजवत, ओढ्याच्या उताराला ब्रेक दाबत. ते बघून गावाचा जीव जळायचा. पारावरून आवाज यायचा, "चालता येत न्हाय म्हनं! आन सायकल बरी येती!" आणि सगळे फिदीफिदी हसायचे. मला वाटायचं, एकेकाच्या थोबाडीत द्यावी. पण मी लग्नाची पोर, सातवी होऊन घरी बसलेली. माझं काम होतं मान खाली घालून पाणी आणणं.

माय घाबरली आणि तिनं देवर्षी आणला. हे गृहस्थ अंगाला हळद, कपाळाला शेंदूर आणि कोंबड्यावर डोळा ठेवूनच आमच्या घरात शिरले. म्हणाले, भानामती हाय, पाय बांधलेत. मग त्यांनी चुलीतली राख घेतली, काहीतरी पुटपुटत आतल्या खोलीपासून उंबऱ्यापर्यंत जमिनीवर हात-हात अंतरानं आडव्या रेघा ओढल्या, आणि आबांना हुकूम सोडला, "ह्या रेघा वलांडून भाईर ये. एकीला बी पाय लागता कामा न्हाय."

आणि आबा आले. एक रेघ, दुसरी रेघ, तिसरी, टांगा टाकत थेट अंगणात. माय रडायला लागली. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून "अगं बया!" करत राहिल्या. देवर्षी स्वतःच क्षणभर चपापले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पण लगेच सावरले आणि कोंबडा कुठाय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मायनं घर सारवलं. रेघा गेल्या आणि आबा पुन्हा खिळले. देवर्ष्यांना बोलावणं गेलं. ते म्हणाले, बांध तुमीच मोडला, आता नवा बांध, नवा कोंबडा. पुन्हा राख, पुन्हा रेघा, पुन्हा आबा चालले. हे असंच चालू राहिलं असतं तर आमच्या खुराड्यात नुसती पिसं उरली असती. एका दुपारी माझं डोकं फिरलं. मी आबांच्या पिशवीतला खडू घेतला आणि एक अक्षरही न पुटपुटता जमिनीवर तशाच रेघा मारल्या. "या आबा," म्हटलं. आबा आले. मग कोळशाच्या मारल्या, त्यावरूनही आले. मग सुंभाचे तुकडे आडवे टाकले, तेही ओलांडले. शेवटी मी माझा पायच त्यांच्या पावलापुढं आडवा धरला, तर तोही ओलांडून पुढं गेले. मायनं माझ्या पाठीत धपाटा घातला, "देवाची थट्टा करती व्हय गं भवाने!" देवर्ष्यांना कळलं तेव्हा त्यांनी जाहीर केलं की त्यांच्याच मंत्राचा गुण आता खडूत उतरलाय. ह्या माणसाला खरं तर मंत्रिमंडळात घ्यायला हवं होतं.

हे असं का होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. पुढं मीही मास्तरीण झाले, पोरांना शास्त्र शिकवायला लागले, तेव्हा पुस्तकं धुंडाळली. मेंदूचं चित्र काढताना सगळे वरच्या सुरकुत्या काढतात, कारण त्या दिसायला भारदस्त असतात. सरकारी कचेरीत साहेबाची खोली दर्शनी असते, तसंच हे. कामाचा गाडा ओढणारे कारकून मागं असतात. मेंदूच्या पार खोल बुडाशी काही गाठी आहेत. आपण नवीन काही शिकतो तेव्हा वरचा साहेब प्रत्येक बारीकसारीक गोष्टीत लक्ष घालतो: हँडल धर, पायडल मार, तोल सांभाळ, म्हैस आली, वळव. पुन्हा पुन्हा केलं की ते काम हळूहळू ह्या खालच्या गाठींच्या अंगवळणी पडतं आणि साहेब मोकळा होतो. कुठली हालचाल सोडायची आणि कुठली धरून ठेवायची, हेही त्याच बघतात. आबा पोरांकडून गिरवून घ्यायचे ते ह्या गाठींसाठी. त्यांना ते ठाऊक नव्हतं आणि त्यांना जुनाट म्हणणाऱ्या साहेबांना तर नव्हतंच नव्हतं.

ह्या गाठींच्या जवळ काळसर रंगाचा एक लहानसा भाग आहे. तिथं एक रस तयार होतो आणि त्यावर गाठींचं काम चालतं. तो काळा भाग झिजला, रस आटला, की चालणं विसरलेलं नसतं, पायात बळही असतं, पण आतून "जा" अशी परवानगीच सुटत नाही. डोळ्यांपुढं एखादी रेघ आली की मात्र मेंदू दुसऱ्या वाटेनं काम उरकतो. रेघ दिसली, ओलांडायची आहे, पाऊल उचललं. सायकलीचंही तसंच काहीतरी असावं: एक पायडल खाली गेलं की दुसरं आपोआप वर येऊन पायाला उठवतं. नक्की कसं ते पुस्तकंही छातीठोक सांगत नाहीत. आमच्या पारावर मात्र सगळं छातीठोक होतं.

पारावरच्या एकाचा भाचा नोकरीच्या शोधात होता. ह्याहून जास्त मी सांगत नाही. तालुक्याला, उमरग्याला, अर्ज गेला की मास्तर चालता येत नसल्याचं ढोंग करतात, वर्गात येत नाहीत, दारात उभे राहून वेळ काढतात आणि सायकलवर गावभर हिंडतात. तपासणीचे साहेब आले. आबांनी वर्गात स्वतःच्या हातानं खडूच्या रेघा मारून ठेवलेल्या असायच्या, पोरांना सांगितलं होतं की ह्या लंगडीच्या आहेत. त्या दिवशी सकाळी कुणीतरी शाळा फार मनापासून झाडून काढली होती. साहेब व्हरांड्यात उभे, आणि आबा ऐटीत सायकल मारत आले, उतरले, आणि शाळेच्या दाराशी खिळले.

साहेब बघत राहिले, मग म्हणाले, "मास्तर, सायकल चालवता येते आणि चार पावलं चालता येत नाही? कुणाला शिकवता?"

आबा म्हणाले, "साहेब, मलाबी तेच कळंना."

हे उत्तर साहेबांना उद्धटपणाचं वाटलं. आबांचा चेहरा हलत नव्हता ना. हुकूम निघाला: सरकारी डॉक्टरांकडून तपासून घ्या. आजार खरा निघाला तर आजारपणाची निवृत्ती मिळेल, नाही तर फसवणूक केली म्हणून बडतर्फ. त्या दिवशी आबा घरी आले ते जेवलेच नाहीत. माय म्हणाली, "जाऊ द्या ती नौकरी, शेताचा तुकडा हाय की." तेव्हा आबा त्यांच्या बसलेल्या, बारीक आवाजात म्हणाले, "नौकरी जाऊ दे गं. पर जल्मभर पोरांस्नी म्हणलं, खोटं बोलू नगा. आता म्याच खोटारडा म्हणून घरी बसू? माझीच पोरं मला रस्त्यावर ढोंगी म्हणतील." मला त्या रात्री आबांच्या आजारापेक्षा गावाची चीड जास्त आली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

आम्ही तिघं निघालो. दवाखाना मोठ्या गावाचा होता, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरून पुढं जावं लागायचं. गावाचं नाव घेत नाही, नाही तर कुणीतरी भांडायला यायचं. बैलगाडीनं सडकेपर्यंत आणि पुढं एसटी. एसटीच्या पायऱ्या आबा असे फटाफट चढले की कंडक्टर म्हणाला, "या मामा, जवान हायसा!" मी त्याच्याकडं असं बघितलं की तो तिकिटं फाडायला लागला. पायरी म्हणजे रेघच की. पण ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तर पुढच्या संकटाचीही कल्पना आली असती.

दवाखान्यात सगळीकडं शहाबादी फरशी. काळीशार, घासूनपुसून लखलखीत, आणि दोन फरशांच्या मधे सिमिटानं भरलेल्या पांढऱ्या फटी. हातभर फरशी, रेघ, हातभर फरशी, रेघ. डॉक्टर तरुण होते, चष्मा होता, बोलायला गोड होते. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "गुरुजी, त्या भिंतीपर्यंत जाऊन या पाहू."

आबा उठले आणि चालले. नवरदेवासारखे चालले. भिंतीपर्यंत गेले, वळताना थोडे घुटमळले, आणि परत आले. गेलं वर्षभर आम्ही त्यांना असं चालताना बघितलं नव्हतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, आबा, अडका! तुमच्या पाया पडते, एकदा तरी अडका! माय बिचारी हात जोडून देवाचे आभार मानत होती.

डॉक्टर हसले. "छान चालताय की. घरात काही कटकट आहे का? शाळेत कुणाशी वाकडं?"

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुमच्या फरशीला रेघा हायत म्हणून चालले."

डॉक्टरांनी चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं. "बाई, फरशीला रेघा असायच्याच."

"आमच्या घरला या, मातीवर चालवून बघा!"

"हे बघा, मला पंचनामा करायला गावोगाव हिंडता येत नाही," असं म्हणून त्यांनी दाखला लिहिला: प्रकृती ठणठणीत, चालण्यात दोष आढळला नाही. हाताचे सांधे वाकवून बघितले होते, तिथं थोडा ताठपणा लागला, त्याला वय झालं म्हणाले. मायला वाटलं, ठणठणीत म्हणजे चांगलंच झालं. मी तिला काय समजावून सांगणार होते?

आम्ही बाहेरच्या मोठ्या व्हरांड्यात आलो तर तिथं धावपळ. मुंबईहून कुणी मंत्री नव्या खोल्यांचं उद्घाटन करायला येणार होते. शिपायांनी दारापासून फाटकापर्यंत तांबडी बिछायत अंथरली होती, नवी कोरी, एका रंगाची, सुरकुती नाही की नक्षी नाही. बाजूला कुंड्या लावलेल्या, त्यामुळं वाट तेवढीच. आबांनी बिछायतीची कड ओलांडली, बारीक बारीक पावलं टाकत मधोमध आले, आणि थांबले. अंग पुढं झुकलं. टाचा उचलल्या. गुडघे थरथरायला लागले.

माय सवयीनं पुढं झाली, त्यांच्यापुढं आपला पाय आडवा घालायला. मी तिचा दंड धरून तिला मागं ओढलं. "हात लावू नको! तसंच राहू दे!"

"अगं याड लागलं का तुला? पडतील की ते!"

"पडू देत न्हाय मी. पर हलवू नको त्यास्नी!"

शिपाई ओरडायला लागले, ए बाबा, हो बाजूला, साहेबांची गाडी येती. एकानं आबांचा हात धरून ओढला तर आबा लाकडासारखे कलले. मी त्या शिपायावर अशी काही कडाडले की तो हात सोडून उभा राहिला. आणि मी आत धावले. डॉक्टर दुसऱ्या पेशंटच्या छातीला नळी लावून बसले होते. मी दारातूनच ओरडले, "डॉक्टरसाहेब, चला लौकर! आमचे आबा अडकले!" घरात पोरगा झाल्याची बातमी सांगावी तसा माझा आवाज होता. तो पेशंटही उठून बसला.

डॉक्टर आले. आधी वैतागलेले होते. मग बघत राहिले. "या, गुरुजी, माझ्याकडे या," म्हणाले. आबांनी जोर लावला. कपाळावर घाम डवरला, मानेच्या शिरा ताणल्या, पाय जागचा हलला नाही. डॉक्टरांनी गळ्यातली नळी काढून त्यांच्या पावलापुढं बिछायतीवर आडवी ठेवली. आबांनी ती ओलांडली, एक पाऊल पडलं, आणि पुन्हा खिळले. "अरेच्चा," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी आबांचं मनगट पुन्हा वाकवून बघितलं, चेहऱ्याकडं बघितलं, त्यांना नाव सांगायला लावून आवाज ऐकला. आधीचा कागद माझ्याकडून मागून घेतला, चारदा फाडला, आणि आत जाऊन दुसरा लिहून आणला. कंपवात. आजार खरा. नोकरी करण्यास असमर्थ. खाली शिक्का. सोबत गोळ्यांची चिठ्ठी दिली आणि सांगितलं, तोंडाला कोरड पडेल, थोडा आराम वाटेल, बरं होण्याचं मात्र बोलू नका.

मी तो दाखला व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेऊन मोठ्यानं वाचला. मायनं विचारलं, "म्हंजी आता ढोंगी म्हणणार न्हायत?" मी म्हटलं, "कुणाची टाप हाय!" माय रडली, मी हसले, मग मीही रडले. तो शिपाई, ज्याच्यावर मी कडाडले होते, तोही खूश होऊन म्हणाला, "चला, काम झालं तुमचं." माझ्या बापाला चालता येत नाही आणि कधी येणार नाही, हे सरकारनं लिहून दिलं होतं, आणि आम्ही लग्न ठरल्यासारख्या एकमेकींच्या गळ्यात पडलो होतो. डॉक्टर आत गेले होते. फाटकाशी मोटारीचा हॉर्न वाजला आणि शिपाई कुंड्या सारख्या करायला पळाले.

बिछायतीच्या मधोमध आबा तसेच उभे होते, पुढं झुकून, टाचा उचललेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली येत होतं आणि ते पुसायला हात वर जात नव्हता.

"झालं असंल तुमचं," ते बारीक आवाजात म्हणाले, "तर मला हितनं काढता का कुणी?"